वेर्नूंच्या घरातल्या दोघी

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी दोन वाजता स्नेहलताबाई देवस्थळी ल्युडिंगनच्या फ्रेंच घराच्या पायऱ्यांवर उभ्या राहायच्या आणि पुढचे दोन तास त्या घराच्या मालकीणबाई असायच्या. निदान त्यांना तरी तसं वाटायचं, आणि वाटण्यावर जर्मनीत अजून कर बसलेला नाही.

खरं तर घर गावाचं. त्याची देखरेख फेराइनकडे, म्हणजे गावातल्या इतिहासाची हौस असलेल्या तीस-पस्तीस माणसांच्या मंडळाकडे. वोल्फ्सबुर्गहून गाडीने वीस मिनिटांवर हे ल्युडिंगन आहे. रविवारी बस नसते, त्यामुळे इथे येतो तो मुद्दाम येतो. आणि मुद्दाम आलेल्या माणसाला घर दाखवायचा मान गेली अकरा वर्षं बाईंचा होता. त्या मानावरच आता गदा यायची वेळ आली होती, आणि ही सगळी गोष्ट त्याचीच आहे.

बाईंचं वय एकसष्ट. पुण्यात इतिहासात एम. ए. केलं, चार वर्षं शाळेत शिकवलं, आणि सत्त्याण्णव साली प्रतापराव इंजिनियर म्हणून वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात आले तेव्हा दोन वर्षांच्या राजसला कडेवर घेऊन त्याही आल्या. इथे त्यांच्या एम. ए.चं लोणचंसुद्धा घालता येईना. मग जर्मन शिका, पोराचा अभ्यास घ्या, थंडीत मेथी उगवते का बघा, यात पंधरा-सोळा वर्षं गेली म्हणायला हरकत नाही. राजसला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमधून यायचं. पुढे तो नोकरीला म्युनिकला गेला आणि दर रविवारच्या फोनवर चौथ्या मिनिटाला 'आल्झो, आई' म्हणून आवरतं घ्यायला लागला.

फेराइनमध्ये बाई शिरल्या त्या केक घेऊन. पहिलं वर्ष केक भाजण्यात गेलं, दुसरं कप विसळण्यात. तिसऱ्या वर्षी एका रविवारी घर दाखवणाऱ्या आजोबांची कंबर धरली आणि अध्यक्ष हेर ओल्मान बाईंना म्हणाले, "फ्राऊ देवस्थळी, तुम्ही कराल का आज?" बाईंनी केलं. त्यानंतर आजोबांची कंबर बरी झाली, पण त्यांना कोणी बोलावलं नाही. कागदपत्रांच्या कपाटाची किल्ली मात्र हेर ओल्माननी चार वर्षं थांबवून मग दिली. ती किल्ली मिळाली त्या दिवशी बाईंनी घरी पुरणपोळी केली होती.

आणि घर होतंच तसं. इझाक द वेर्नू नावाच्या माणसाने ते १७२६ साली बांधलं. फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट लोकांना जगणं मुश्कील झालं तेव्हा सात वर्षांच्या इझाकला घेऊन त्याचं कुटुंब रातोरात पळालं. मोठा होऊन तो इकडच्या ड्यूकच्या पदरी लागला, आणि बक्षीस म्हणून मिळालेल्या ओसाड माळावर त्याने आपल्या वडिलांचं गावाकडचं घर पुन्हा उभं केलं, ते आठवणीतून. सात वर्षांच्या पोराची आठवण ती. म्हणून या घराच्या पायऱ्या नको इतक्या रुंद, खिडक्या जमिनीपासून छतापर्यंत आणि दारांच्या मुठी छातीच्या उंचीवर. मागे रेशमासाठी तुतीची बाग लावली, ती तिसऱ्या हिवाळ्यात मेली. लिंडनच्या झाडांची दुतर्फा रांग मात्र अजून आहे. पुढे वेर्नू संपले, घर बिटाची साखर करणाऱ्या एका शेटजीने घेतलं. महायुद्धानंतर पूर्वेकडून आलेली अठरा निर्वासित कुटुंबं इथे खोलीखोलीत राहिली. त्यांच्या शेगड्यांच्या धुरांड्यांची भोकं दिवाणखान्याच्या भिंतीत बाई बोट घालून दाखवायच्या.

पण लोक खरे थांबायचे ते दक्षिणेच्या भिंतीपाशी. त्या भिंतीवर नाशपातीची सात झाडं तारांना बांधून, हात पसरल्यासारखी वाढवलेली आहेत. ती लावली इझाकच्या नातसुनेने. एतिएन वेर्नूशी लग्न होऊन मादलेन १७६१ साली एकोणिसाव्या वर्षी या घरात आली. बहिणीला लिहिलेल्या तीन पत्रांत तिने या झाडांबद्दल लिहिलंय. शाळेतल्या एका जुन्या मास्तरांनी त्यांचं जर्मन भाषांतर करून ठेवलं होतं, ते बाईंना तोंडपाठ होतं. पत्रं त्रेसष्टमध्ये थांबतात. सहासष्टपासून घरखर्चाची वही सुरू होते, त्यात आहे: 'भिंतीवरच्या झाडांची पहिली नाशपाती, दोन टोपल्या.' वहीवर सही हेन्रिएट वेर्नू. गावातल्या थडग्यावरही एतिएनची बायको म्हणून हेन्रिएटच आहे, १८१६ साली चौऱ्याहत्तराव्या वर्षी वारलेली.

हा मादलेन-हेन्रिएटचा घोळ फेराइनला कित्येक वर्षं सुटत नव्हता. बाईंनी तो पहिल्या महिन्यात सोडवला. एकसष्ट साली एकोणीस म्हणजे जन्म बेचाळीसचा. सोळा साली चौऱ्याहत्तर म्हणजे जन्म पुन्हा बेचाळीसचाच. बाई एकच. लग्नात सासरच्यांनी तिचं नाव बदललं. बहिणीला मात्र ती माहेरच्याच नावाने सही करून पत्र लिहायची. यात न कळण्यासारखं काय आहे? बाईंची स्वतःची बहीण अजून त्यांना विजया म्हणते.

हेर ओल्मानना हे ऐकून नवल वाटलं, पण इकडे आलेल्या फ्रेंच लोकांची नावं बदलली हे त्यांनाही ठाऊक होतं. पिएरचा पेटर होतो, तर मादलेनची हेन्रिएट का नाही? आणि सांगणारी बाई इतिहासाची एम. ए. त्यामुळे अकरा वर्षं बाई त्या भिंतीपाशी उभ्या राहून सांगत आल्या की परक्या घरात आलेल्या एका पोरीचं नावसुद्धा राहिलं नाही, पण तिने लावलेली झाडं राहिली, आणि पन्नास वर्षं तिने त्यांची फळं खाल्ली. हे ऐकताना एखादी तरी जर्मन आजी डोळे पुसायचीच. बाईही पुसायच्या, कधी कधी खरेच.

आता कादंबरी गोरे. हिला या घरात आणली कोणी, तर बाईंनीच. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. वोल्फ्सबुर्गच्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला ही एकतीस वर्षांची नाशिकची मुलगी कोपऱ्यात एकटी बसली होती. नवरा प्रणव दिवसभर कामावर, हिचं सॉफ्टवेअरचं काम घरूनच, ओळख ना पाळख. बाईंना दया आली. खरं सांगायचं तर दया थोडी आली आणि मिरवायची हौस जास्त आली. म्हणाल्या, "ये ग रविवारी, माझं घर दाखवते."

ती आली, आणि पुढच्या महिन्यातही आली, आणि मग येतच राहिली. जर्मन इतकं सफाईदार बोलायची की बाईंना आपल्या वाक्यातले खडे पहिल्यांदा ऐकू यायला लागले. त्यात कॉलेजात फ्रेंच केलेलं. तीन महिन्यांत हेर ओल्माननी तिला कपाटाची किल्ली दिली. तीन महिन्यांत. बाईंनी त्या संध्याकाळी स्वयंपाकच केला नाही, प्रतापरावांनी ब्रेडवर भागवलं.

मेमध्ये शाळेची मुलं घर बघायला आली, तेव्हा बाईंना दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून कादंबरीने त्यांना फिरवलं. तिने काय केलं, तर दारातच पोरांच्या हातात कागद दिले आणि सांगितलं, आपापलं घर डोळे मिटून आठवा आणि काढा. पोरांनी काढली, दारं आभाळाएवढी आणि पायऱ्या मैदानाएवढ्या. मग म्हणाली, आता आत चला, इझाकने काय काढलंय ते बघू. बाईंना हे नंतर कळलं आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कल्पना वाईट असती तर त्यांनी हसून सोडून दिली असती. ती चांगली होती, आणि अकरा वर्षांत त्यांना एकदाही सुचली नव्हती.

अभिप्रायाच्या वहीत आता 'ती तरुण बाई' यायला लागली. बाई दर महिन्याला वही उघडायच्या, पानं उलटायच्या आणि मिटून ठेवायच्या. एकदा पाहुण्यांसमोर कादंबरी तुतीच्या बागेचं साल दोन वर्षांनी चुकली, तर बाईंनी मागून मोठ्यांदा दुरुस्त केलं. "थँक यू काकू," ती हसून म्हणाली. तिच्या हसण्यात खोट सापडेना, याचा बाईंना जास्त राग आला.

"आयत्या बिळावर नागोबा," त्या घरी म्हणाल्या.

"अगं, तूच ना तिला नेलंस?" प्रतापराव म्हणाले. निवृत्त झाल्यापासून त्यांना खरं बोलायची वाईट सवय लागली होती.

"अहो, म्हणून काय तिने डोक्यावर बसायचं?"

अशात घराचं तीनशेवं वर्ष उजाडलं. जूनमध्ये मोठा समारंभ ठरला. जिल्ह्याचे अधिकारी येणार, वेर्नूंच्या लांबच्या वंशातलं एक कुटुंब फ्रान्सहून येणार, आणि त्या सगळ्यांना घर दाखवायचा मान एकाच माणसाला मिळणार. कोणाला, ते मार्चच्या एकवीस तारखेच्या सभेत ठरणार होतं. बाईंनी घराच्या इतिहासाची चाळीस पानी पुस्तिका लिहून ठेवली होती, तीही सभेनंतर छापायला जायची होती. पुस्तिका बाईंची, मग मानही बाईंचाच, असं सरळ होतं. पण हेर ओल्मान एकदा कॉफी ढवळताना म्हणून गेले की पाहुण्यांशी फ्रेंच बोलणारं कोणी असेल तर बरं दिसेल. बाईंनी अर्धा केक बशीतच ठेवला.

तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. सेल या शहरात पूर्वी फ्रेंच लोकांचं चर्च होतं, त्याच्या लग्नांच्या आणि दफनांच्या नोंदी तिथे जपून ठेवल्यात. चारशे पानं, सगळी फ्रेंचमध्ये, अक्षर मुंग्यांसारखं. त्या फेराइनमधल्या कोणीच कधी वाचल्या नव्हत्या. वाचायची खोली महिन्यातल्या ठरलेल्या दिवशीच उघडी, त्यातला एक नेमका पहिल्या शनिवार-रविवारचा.

"कादंबरी, तुझ्याशिवाय हे कोणाला जमणार नाही," बाई म्हणाल्या. "वेर्नूंचं नाव दिसेल तिथे फोटो काढायचा. पुस्तिकेत एक तळटीप होईल."

तळटीप म्हणताना त्यांना फार बरं वाटलं. जानेवारी ते मार्च पोरगी रविवारी सेलला डोळे फोडत बसेल, आणि इकडे पायऱ्यांवर आपण. कादंबरी खूश होऊन गेली. बाईंनी त्या रविवारी घर दाखवलं ते अगदी रंगून.

मार्चच्या अकरा तारखेला सकाळी दाराची बेल वाजली. कादंबरी होती. हातात टॅब्लेट, अंगावरचा कोटही काढला नव्हता.

"काकू, एक गोष्ट दाखवायची होती. आधी तुम्हालाच, म्हटलं."

बाईंनी पोह्यांची बशी पुढे केली. तिने ती बाजूला सरकवून फोटो मोठा केला.

"हे बघा. ऑक्टोबर १७६४. मादलेन, एतिएन द वेर्नूची बायको, वय बावीस. डिलिव्हरीसाठी सेलला आईवडिलांकडे आली होती, त्यातच गेली. खाली बाळाची एन्ट्री आहे, तीन दिवसांचं. आणि इथे, मे सहासष्ट, एतिएनचं दुसरं लग्न. हेन्रिएटशी. काकू, त्या दोघी वेगळ्या आहेत."

बाई फोटोकडे बघत राहिल्या. फ्रेंच त्यांना येत नव्हतं, पण आकडे येत होते.

"असं कसं होईल?" त्या म्हणाल्या. "नाव बदललं होतं तिचं."

"पण नाव बदललं असं लिहिलंय कुठे?"

कुठेच नव्हतं. अकरा वर्षांत बाईंनी ते कुठे शोधलंही नव्हतं. ताटात तांदूळ पसरून प्रतापरावांनी अंगठीने 'स्नेहलता' लिहिलं, तेव्हा ते तरी कुठल्या दफ्तरात नोंदवलं होतं? लग्न झालं की नाव बदलतं, एवढं त्यांना माहीत होतं. फ्रान्समध्ये तसं नसेल हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता.

"माझं बदललं होतं," त्या कशाबशा म्हणाल्या. "मी विजया होते."

कादंबरीने वर पाहिलं. "ओह," ती हळूच म्हणाली. "माझ्या आजीचं पण बदललं होतं. म्हणून तुम्हाला..." आणि ती थांबली. तिने लग्नानंतर आडनावसुद्धा बदललं नव्हतं. ती हसली असती तर बाईंना भांडता तरी आलं असतं. ती हसली नाही.

"कोणाला सांगितलंस?"

"नाही, अजून कोणालाच नाही."

"मग सांगू नकोस. मी बघते."

"गेनाऊ, अगदी बरोबर. तुम्हीच सांगा. छापायच्या आधी करेक्ट झालं की बास. टेन्शन नका घेऊ काकू." आणि मग तिने पोहे खाल्ले, कोथिंबीर कुठे मिळते ते विचारलं आणि गेली.

मी बघते म्हणणाऱ्या बाईंनी पुढचे दहा दिवस काहीच बघितलं नाही. पहिले दोन दिवस त्यांनी मनाशी घोकलं की एतिएन नावाचा दुसरा कोणी वेर्नू असेल. नंतर वाटलं, चर्चच्या कारकुनाची चूक असेल. त्यानंतर काही सुचेनासं झालं, तेव्हा त्यांनी फ्रीज धुतला. पुस्तिकेतलं सगळ्यात लाडकं प्रकरण खोटं होतं. अकरा वर्षं पुसलेले डोळे खोट्यासाठी पुसले गेले होते. हे सांगायचं तर सभेत सांगायचं, आणि सभेत कोणीतरी विचारणार, हे शोधलं कोणी? मग घर कोण दाखवणार ते विचारायलाही नको.

"चूक झाली तर झाली," प्रतापराव म्हणाले. "दुरुस्त कर आणि मोकळी हो."

"तुम्हाला काय जातंय सांगायला. तुमचे नटबोल्ट कोणी दुसऱ्याच्या नावावर नाही लावले."

बुधवारी त्या एकट्याच गाडी घेऊन ल्युडिंगनला गेल्या. घर बंद होतं. दक्षिणेच्या भिंतीवर नाशपातीच्या फांद्या उघड्याबोडक्या, अजून कळ्याही फुटल्या नव्हत्या. बाई तिथे हात खिशात घालून उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदा त्या दोघींना वेगवेगळ्या बघू लागल्या. एकीने बावीस वर्षांच्या आयुष्यात ही सात झाडं लावली, तारा ओढल्या, बहिणीला लिहिलं की अजून तीन वर्षं तरी फळ नाही, आणि फळ यायच्या आधी मेली. दुसरी आयती आली, टोपल्या घेऊन उभी राहिली, आणि पन्नास वर्षं खात बसली. त्या हेन्रिएटचा बाईंना असा संताप आला की दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईला त्यांनी मराठीत दोन शिव्या घातल्या. आपण लावायचं आणि तिने खायचं. केक आपण भाजायचे, कप आपण विसळायचे, चार वर्षं किल्लीची वाट आपण बघायची, आणि जूनमध्ये पायऱ्यांवर ती उभी राहणार, फ्रेंच बोलत.

परत गाडीत बसताना त्यांना आणखी एक गोष्ट सुचली आणि ती त्यांना मुळीच आवडली नाही. मादलेनला हेन्रिएटने पुसलं नव्हतं. हेन्रिएटने बिचारीने वहीत स्वतःचंच नाव लिहिलं होतं. पुसलं होतं ते बाईंनी. त्यांनी रेडिओ लावला आणि घरी आल्या.

शनिवारी, एकवीस तारखेला दुपारी तीन वाजता दिवाणखान्यात सभा भरली. तीस माणसं, बटर केक, प्रत्येकासमोर विषयपत्रिका. बाईंचं ठरलं होतं. पाचवा विषय, म्हणजे पुस्तिका आणि जूनचा मान, निघाला आणि कादंबरीने तोंड उघडलं तर सांगायचं की ती नोंद घराण्याच्या दुसऱ्या शाखेची दिसते, पुरावा अपुरा आहे, पुस्तिका आहे तशी छापावी. हे वाक्य त्यांनी जर्मनमध्ये लिहून काढलं होतं आणि न्हाणीघरातल्या आरशासमोर सात वेळा म्हणून पाहिलं होतं. प्रतापराव शेजारी बसले होते. कादंबरी टेबलाच्या त्या टोकाला होती.

हेर ओल्मान उभे राहिले. "पाचव्या विषयाआधी एक आनंदाची गोष्ट. फ्राऊ देवस्थळींना आपल्याच निष्कर्षाबद्दल शंका आली. अकरा वर्षं सांगितलेली गोष्ट तपासून पाहावी असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि त्यांनी फ्राऊ गोरेंना सेलला पाठवलं. शंका खरी ठरली. मादलेन आणि हेन्रिएट या दोन स्त्रिया होत्या. आपल्या घराच्या इतिहासातला इतक्या वर्षांतला हा सगळ्यात मोठा शोध आहे, आणि तो एका संशोधिकेने स्वतःची चूक शोधून लावला आहे. जूनमध्ये पाहुण्यांना घर कोण दाखवणार, हे आता मी विचारायलाही नको."

तीस जणांनी टेबलावर बोटांची पेरं ठोकायला सुरुवात केली. इकडे टाळ्यांऐवजी असं ठोकतात. कपांतली कॉफी हलली. बाईंना काय चाललंय ते क्षणभर कळेना. त्यांनी कादंबरीकडे पाहिलं. तीही ठोकत होती. बाईंची नजर भेटताच ती वाकून, आवाज खाली आणून मराठीत म्हणाली, "सॉरी काकू. छापायला आजच जाणार होतं म्हणून मी सकाळी त्यांना फोन केला. तुम्हाला ऑकवर्ड व्हायला नको म्हणून तसं सांगितलं. आणि आयडिया तुमचीच होती ना, सेलची."

म्हणजे सगळं मिळालं होतं. पुस्तिका, जून, पायऱ्या, वर शोधाचं श्रेय. बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं आणि मान थोडी लववायची होती. इतकी वर्षं ज्या कौतुकाची वाट पाहिली ते ताटात वाढून समोर आलं होतं.

वाढलं होतं कादंबरीने. आणि किती सहज वाढलं होतं. बाईंनी ज्यासाठी दहा दिवस फ्रीज धुतला, शिव्या घातल्या, खोटं पाठ केलं, ते त्या पोरीने एका फोनवर देऊन टाकलं आणि आता बटर केक खात बसली होती. तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. जर्मन तिचं चांगलं, फ्रेंच चांगलं, कल्पना चांगल्या, आणि आता मनानेही तीच चांगली. बाईंच्या अंगाचा नुसता भडका उडाला. यापुढे दर पहिल्या रविवारी पायऱ्यांवर उभं राहायचं ते हिच्या दानावर.

त्या उठल्या. ठोकणं थांबलं.

"हे खरं नाही," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. पाठ केलेलं वाक्य त्यांनी घेतलंच नाही, त्यामुळे पुढचं व्याकरण कसंतरीच होत गेलं. "मला शंका आली नव्हती. फ्राऊ गोरेंना मी सेलला पाठवलं ते रविवारी त्या इथे नसाव्यात म्हणून. मला त्यांचा मत्सर वाटतो. दोन स्त्रिया होत्या हे त्यांनी शोधलं आणि दहा दिवसांपूर्वी येऊन मला सांगितलं. मी कोणाला बोलले नाही. आज मी ते खोटं पाडायला आले होते."

कोणाची तरी खुर्ची वाजली. टेबलाच्या कडेला सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंनी पेन वर केलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "माफ करा, फ्राऊ देवस्थळी, मत्सराबद्दलचं वाक्य पुन्हा सांगाल का? नोंदीसाठी."

बाईंनी पुन्हा सांगितलं. सावकाश, शब्द तोडून. इतिवृत्तवाल्या बाईंनी लिहून घेतलं आणि मान हलवली.

"पुस्तिकेवर त्यांचं नाव असावं," बाई म्हणाल्या, "आणि जूनमध्ये घर त्यांनी दाखवावं. त्यांना दोघी माहीत आहेत."

"काकू, नको, अहो..." कादंबरी अर्धवट उठली होती. कोणीतरी तिला खाली बसवलं.

हेर ओल्माननी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि नियमाप्रमाणे प्रस्ताव मताला टाकला. हात वर झाले. बाईंचाही झाला. विरोधात कोणी? कोणी नाही. तटस्थ? कोणी नाही. मग ठोकणं सुरू झालं, आधी एका कोपऱ्यातून, मग सगळीकडून, मघापेक्षा जोरात. ते नक्की कोणासाठी होतं हे बाईंना समजलं नाही. माना तर सगळ्या कादंबरीकडे वळल्या होत्या. बाई खाली बसल्या आणि त्यांनीही ठोकलं, पेरं लाल होईपर्यंत.

परतीच्या वाटेवर प्रतापराव गाडी चालवत होते. दोन्ही बाजूंना नांगरलेली शेतं होती आणि उजेड अजून बराच होता. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर ते हलकेच म्हणाले, "स्नेहल, फार मोठं मन दाखवलंस आज."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"मोठं मन कसलं, अहो," त्या म्हणाल्या. "ती माझ्यापेक्षा चांगली ठरत होती. तेवढं मला बघवलं नाही."